‘पीपिंग टॉम’ : एका निकालाचा इतिहास

ग्रंथाच्या टीकाकाराचा निर्णय चुकला, तरी ग्रंथ कपाटांत राहतो. आज नाहीं तर पन्नास वर्षांनीं कोणी जिज्ञासु वाचक त्यावरील धूळ झटकतो, जुनें परीक्षण आणि मूळ कृति शेजारीं शेजारीं ठेवतो, आणि कोणाचें म्हणणें कितपत खरें होतें हें स्वतः ताडून पाहतो. चित्रपटाची स्थिति अलीकडच्या काळापर्यंत अशी नव्हती. चित्रगृहांतून उतरलेला चित्रपट म्हणजे कोठल्या तरी गोदामांत डब्यांत बंद होऊन पडलेलीं फितीचीं भेंडोळीं. तीं ज्याच्या मालकीचीं, त्यानें मनावर घेतल्याशिवाय सामान्य प्रेक्षकाला त्यांचें दर्शन घडावयाचें नाहीं. त्यामुळें पहिल्या आठवड्यांतील परीक्षणें हाच पुष्कळदां त्या कृतीविषयीं जगाजवळ उरणारा पुरावा ठरे. ज्या निकालावर अपील नाहीं, असा निकाल देणाऱ्याची जबाबदारी किती मोठी असते, हें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं मायकेल पॉवेल या इंग्रज दिग्दर्शकाच्या ‘पीपिंग टॉम’ या चित्रपटाची हकीकत अवश्य पाहावी.

हा चित्रपट लंडनच्या प्लाझा चित्रगृहांत ७ एप्रिल १९६० रोजीं प्रथम दाखविण्यांत आला. त्या वेळीं पॉवेल हा कोणी नवशिका नव्हता. १९०५ सालीं केंट परगण्यांत जन्मलेला हा गृहस्थ मूकपटांच्या काळापासून या धंद्यांत होता. हिचकॉकच्या ‘शँपेन’ या १९२८ सालच्या मूकपटाच्या वेळीं तो स्थिरचित्रें काढण्याच्या कामावर होता. पुढें एमेरिक प्रेसबर्गर या हंगेरींतून आलेल्या लेखकाशीं त्याची जोडी जमली. ‘आर्चर्स’ म्हणजे धनुर्धर असें नांव घेऊन या दोघांनीं लेखन, निर्मिति आणि दिग्दर्शन या तिहींचें श्रेय बरोबरीनें वाटून घेतलें, आणि महायुद्धाच्या व त्यानंतरच्या वर्षांत इंग्रजी चित्रपटाला भूषणभूत होतील अशीं चित्रें काढलीं. ‘ए मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हें त्यांचें चित्र १९४६ सालीं राजघराण्यासमोर झालेल्या पहिल्या खास खेळासाठीं निवडलें गेलें. ‘रेड शूज’ (१९४८) या नृत्यप्रधान चित्रानें अमेरिकाहि जिंकली. ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७) ही तर हिमालयांतील एका जुन्या राजवाड्यांत मठ थाटणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींची कथा. आमच्या म्हैसूरच्या साबूनें त्यांत काम केलें आहे. परंतु त्यांतील हिमालय मात्र इंग्लंडांतल्या पाइनवुड स्टुडिओंत, रंगविलेल्या देखाव्यांच्या आधारानें उभा केलेला होता!

या शेवटच्या गोष्टींतच पुढील कथेचें एक बीज आहे. इंग्रज टीकाकारांचा ओढा तेव्हां वास्तवाकडे, माहितीपटाच्या साध्या, संयमी रीतीकडे फार होता. पॉवेलची वृत्ति नेमकी उलट : भडक रंग, स्वप्नें, कल्पनेच्या भराऱ्या, आणि जें बोलूं नये तें चित्रांतून सूचित करण्याची हौस. त्याचें कौशल्य कोणी नाकारीत नसे. पण त्याच्या अभिरुचीविषयीं मनांत अढी असे. सरकारी गोटांतहि एकदां त्याच्यावर रोष झाला होता. ‘कर्नल ब्लिंप’ (१९४३) हें चित्र निघूंच नये यासाठीं खुद्द चर्चिलसाहेबांनीं खटपट केली होती. १९५७ सालीं प्रेसबर्गरशीं असलेली भागीदारी संपली आणि पॉवेल एकटा राहिला. अशा स्थितींत, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यानें हें नवें चित्र लोकांपुढें ठेवलें.

‘पीपिंग टॉम’ हा इंग्रजींतील जुना वाक्प्रचार आहे. कॉव्हेंट्री शहराची गोडायव्हा नांवाची उमरावपत्नी प्रजेवरील कर माफ व्हावा म्हणून विवस्त्र स्थितींत घोड्यावरून गेली. सर्व नगरानें आदरानें दारें-खिडक्या लावून घेतल्या. टॉम नांवाच्या एका शिंप्यानें तेवढें फटींतून पाहिलें आणि त्याची दृष्टि गेली, अशी ती दंतकथा. तेव्हांपासून चोरून पाहणाऱ्या माणसाला हें नांव पडलें. पॉवेलच्या चित्राचा नायक मार्क लुइस हा दिवसा एका स्टुडिओंत कॅमेऱ्याच्या भिंगाची जुळणी सांभाळणारा, लाजाळू, हळू बोलणारा, सुस्वभावी दिसणारा तरुण आहे. फावल्या वेळांत एका वर्तमानपत्रें विकणाऱ्याच्या दुकानाच्या माडीवर तो चोरट्या विक्रीसाठीं स्त्रियांचीं छायाचित्रें काढतो. तो खुनी आहे. त्याच्या कॅमेऱ्याच्या तिवईचा एक पाय म्हणजे लपविलेलें पातें. तें स्त्रीच्या गळ्याशीं नेत असतां तो तिच्या चेहऱ्यावरील भीतीचें चित्रण करतो. आणि कॅमेऱ्याला जोडलेल्या आरशांत त्या अभागिनीला मरतां मरतां स्वतःचीच भीति पाहावी लागते.

परंतु पॉवेल एवढ्यावर थांबत नाहीं. हा मुलगा असा कां झाला, हें तो आपणांस दाखवितो. मार्कचा बाप मोठा शास्त्रज्ञ होता व भीति हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. त्या अभ्यासाचें साधन त्याचा पोटचा मुलगा! रात्रीं झोपलेल्या मुलाच्या डोळ्यांवर दिव्याचा झोत टाकावा, त्याच्या अंथरुणावर सरडा सोडावा, आणि तो दचकून रडूं लागला म्हणजे कॅमेरा चालू करावा, असा हा शास्त्रीय प्रयोग. आईच्या मृत्युशय्येजवळ उभा असलेला मुलगाहि त्या फितींतून सुटला नाहीं. अशा मुलाला प्रेम आणि चित्रण, वात्सल्य आणि पाळत यांतील भेद कळावा तरी कसा? त्याच घरांत खालच्या मजल्यावर हेलन नांवाची मुलगी आपल्या अंध आईसह भाड्यानें राहते. एका जादूच्या कॅमेऱ्याविषयीं ती मुलांसाठीं पुस्तक लिहीत आहे. एका सायंकाळीं ती मार्कला कॅमेरा घरीं ठेवून आपल्याबरोबर बाहेर येण्यास लावते. तेवढीच काय ती त्या तरुणाच्या आयुष्यांतील मोकळी सायंकाळ. शेवटीं हेलनवर पातें न चालवितां तो तें स्वतःवर चालवितो. सर्वांत धाडसाची गोष्ट अशी कीं, त्या निर्दय बापाची भूमिका पॉवेलनें स्वतः केली, आणि बाल-मार्कच्या भूमिकेसाठीं आपल्याच मुलाला, कोलंबाला, घेतलें. चित्रें काढणाऱ्या माणसानें स्वतःच्या धंद्यावर याहून कठोर फिर्याद क्वचितच गुदरली असेल.

ही कथा लिहिणारा लिओ मार्क्स हाहि विलक्षण मनुष्य होता. महायुद्धाच्या काळांत शत्रुव्याप्त युरोपांत गुप्तपणें उतरविल्या जाणाऱ्या हेरांना सांकेतिक लिपी पुरविण्याचें काम तो करीत असे. प्रथम या दोघांचा विचार डॉक्टर फ्रॉइडवर चित्र काढण्याचा होता. परंतु जॉन हस्टन यानें त्याच विषयाची घोषणा केल्यावर तो बेत सुटला, आणि एका दुखावलेल्या मनाची ही स्वतंत्र गोष्ट पुढें आली. नायकाचें काम कार्ल ब्योम या नटानें केलें. तो प्रसिद्ध संगीतसंचालकाचा मुलगा. ‘सिसी’ या लोकप्रिय चित्रमालेंत तरुण सम्राट होऊन त्यानें जर्मन प्रेक्षकांना मोहिनी घातली होती. असा गोड चेहऱ्याचा नट खुन्याच्या भूमिकेंत घालणें हाहि दिग्दर्शकाचा हेतुपूर्वक डाव होता.

आतां परीक्षणांकडे वळूं. ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकांत डेरेक हिल यानें असें लिहिलें कीं, या चित्राची योग्य विल्हेवाट म्हणजे तें फावड्यानें उचलून जवळच्या गटारांत वाहून टाकावें. ‘डेली वर्कर’च्या नीना हिबिनबाईंना तें आरंभापासून शेवटपर्यंत दुष्ट वाटलें. ‘ऑब्झर्व्हर’च्या कॅरोलाइन लेजनबाई जुन्या व वजनदार टीकाकार, इतकी किळस आपणांस फार दिवसांत आली नव्हती असें त्यांनीं नमूद केलें. ‘संडे टाइम्स’च्या डिलिस पॉवेलबाई (यांचें दिग्दर्शकाशीं आडनांवापलीकडे कांहीं नातें नव्हतें) यांनींहि चित्रास मूलतःच दुष्प्रवृत्त ठरविलें. डावीं पत्रें, उजवीं पत्रें, उच्चभ्रू पत्रें, लोकप्रिय पत्रें असा भेदच उरला नाहीं. एरवीं ज्यांचें एका वाक्यावर एकमत होत नसे, त्यांचें या एका बाबतींत झालें.

या सर्वांत ‘डेली एक्स्प्रेस’च्या लेन मॉस्लीचें परीक्षण आम्हां मराठी वाचकांना विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. हे गृहस्थ नुकतेच आशियाचा प्रवास करून परतले होते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, पूर्व पाकिस्तानांतील महारोग्यांच्या वसाहती, मुंबईच्या मागच्या गल्ल्या आणि कलकत्त्याचीं गटारें हें सर्व पाहून झालें, परंतु त्यांपैकीं कशानेंहि हें चित्र पाहतांना आली तितकी मळमळ व उदासीनता आली नाहीं. या वाक्यावर क्षणभर थांबण्यासारखें आहे. मुंबईच्या त्या गल्ल्यांत माणसें राहत होतीं. महारोग्यांच्या त्या वसाहतींत कोणाचे तरी बाप, कोणाच्या तरी मुली होत्या. त्यांच्याकडे पाहून या प्रवाशाच्या हातीं काय लागलें? तर स्वतःच्या मळमळीचें माप! ज्याला पाहिलें तो नाहींसा झाला. पाहणाऱ्याची शिसारी तेवढी शिल्लक राहिली. दुसऱ्याचें दुःख केवळ पाहण्याची वस्तु समजणारी, त्याच्याशीं कोणतेंहि नातें न मानणारी जी दृष्टि, तिच्यावरच तर पॉवेलनें हें चित्र काढलें होतें. टीकाकारानें चित्र नाकारलें, आणि नाकारतांना वापरलेल्या उपमेनेंच चित्राच्या सिद्धान्ताला आपल्या हातानें पुरावा जोडून दिला.

एवढा क्षोभ कां व्हावा? खून हा विषय त्या काळीं इंग्रजी पडद्याला नवा नव्हता. हेंच चित्र वितरित करणाऱ्या अँग्लो-अमॅल्गमेटेड कंपनीनें १९५९ सालीं ‘हॉरर्स ऑफ द ब्लॅक म्यूझियम’ हें रक्तपाताचें चित्र लोकांपुढें आणलें होतें. त्यावर असें आकाश कोसळलें नव्हतें. आमच्या मतें कारणें तीन. पहिलें, तसलीं चित्रें करणाऱ्यांकडून कोणाची अपेक्षाच नव्हती. पॉवेल मात्र मानकरी होता, आणि मानकऱ्याचा प्रमाद समाजाला अधिक झोंबतो. दुसरें, भयानक आणि बीभत्स हे रस आमच्या भरतमुनींनींहि मान्य केले आहेत. परंतु नेहमींच्या भयपटांत राक्षस हा राक्षस म्हणून ओळखतां येतो आणि प्रेक्षक निर्धास्तपणें त्याच्या विरुद्ध बाजूस बसतो. येथें राक्षसाचें बाळपण दाखवून दिग्दर्शकानें त्याच्याविषयीं करुणा मागितली. तिसरें आणि खरें मर्माचें कारण असें कीं, चित्राच्या पहिल्याच प्रसंगांत खुन्याचा कॅमेरा हाच प्रेक्षकाचा डोळा होतो. अंधारांत बसून, स्वतः न दिसतां, दुसऱ्याची भीति पैसे देऊन पाहणारा तो कोण? या प्रश्नाचें उत्तर ज्यांचा व्यवसायच चित्रें पाहण्याचा, त्यांना सर्वांत आधीं द्यावें लागणार होतें. त्यांनीं तें दिलें नाहीं. उलट प्रश्न विचारणाऱ्याच्या शीलाची चौकशी आरंभिली. कृतीचें परीक्षण सोडून कर्त्याच्या मनाचें निदान करणें ही टीकेंतील फार जुनी आणि फार सोयीची पळवाट आहे.

त्याच वर्षीं हिचकॉकचें ‘सायको’ आलें. तेथेंहि आईच्या सावलींत विकृत झालेला, वरून सौम्य दिसणारा तरुण आणि स्त्रियांचे खून. हिचकॉकनें टीकाकारांना तें आगाऊ दाखविलेंच नाहीं, आणि खेळ सुरू झाल्यावर कोणासहि आंत सोडावयाचें नाहीं असा नियम चित्रगृहांना घालून दिला. कांहीं टीकाकारांनीं नाकें मुरडलीं. परंतु तोंवर लोक रांगा लावून उभे होते. दोन वयोवृद्ध, एकाच मातींतून वर आलेले दिग्दर्शक, जवळजवळ एकच विषय, एकच वर्ष. एकाच्या पदरीं लक्ष्मी आली, दुसऱ्याच्या पदरीं बहिष्कार. यांत गुणावगुणाचा भाग किती आणि व्यवहारचातुर्याचा किती, हें ठरविणें वाचकांवर सोंपवितों.

वितरकांनीं घाबरून थोड्याच दिवसांत चित्र मागें घेतलें. अमेरिकेंत १९६२ सालीं तें गेलें तें कापलेल्या स्वरूपांत. “टीकाकारांनीं पॉवेलला ठार केलें” असें तेव्हांपासून म्हटलें जातें. इतिहास लिहिणाऱ्यानें या वाक्याला तसेंच मान डोलावूं नये. पॉवेलनें १९६१ सालीं ‘क्वीन्स गार्ड्स’ हें चित्र केलें. १९६६ व १९६९ सालीं ऑस्ट्रेलियांत दोन चित्रें केलीं. १९७२ सालीं प्रेसबर्गरबरोबर मुलांसाठीं एक लहान चित्र केलें. शिवाय भागीदारी सुटल्यापासून त्याचा जम विसकटतच होता आणि इंग्रजी चित्रपटाची वाट वास्तवाच्या, कामगारवस्तींतल्या कथांकडे वळत होती. तेव्हां सारा दोष चार परीक्षणांच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. पण हेंहि तितकेंच खरें कीं, ज्याला आधींच धाप लागली आहे त्याला दिलेला धक्का साधा धक्का राहत नाहीं. ज्या दिग्दर्शकानें पूर्वीं वर्षाला एक याप्रमाणें मोठीं चित्रें दिलीं, त्याला यानंतर आपल्या देशांत मनासारखें मोठें काम मिळालें नाहीं, ही वस्तुस्थिति उरतेच.

चित्राचें पुनरुज्जीवन इंग्लंडाबाहेरून झालें. फ्रान्समध्यें बर्त्रां तावेर्निए यांच्यासारख्या तरुण रसिकांनीं पॉवेलचें नांव जागतें ठेवलें. इंग्लंडांत रेमंड डर्गनॅट यानें साठाच्या दशकांत, आणि पुढें इयन क्रिस्टी यानें, त्याच्या कृतींचा गंभीरपणें विचार केला. अमेरिकेंत मार्टिन स्कॉर्सेसी हा न्यूयॉर्कमध्यें वाढलेला तरुण दिग्दर्शक त्याचा भक्त बनला. त्याच्या पुढाकारानें व आर्थिक साहाय्यानें १९७९ सालीं ‘पीपिंग टॉम’ न्यूयॉर्कच्या चित्रपटमहोत्सवांत व नंतर चित्रगृहांत पुन्हां झळकलें. पॉवेल तेव्हां चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. पुढें १९८४ सालीं स्कॉर्सेसीच्या चित्रांची संकलक थेल्मा स्कूनमेकर हिच्याशीं त्याचा विवाह झाला. १९ फेब्रुवारी १९९० रोजीं तो वारला. १९९९ सालीं ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें निवडलेल्या विसाव्या शतकांतील १०० उत्तम ब्रिटिश चित्रपटांत ‘पीपिंग टॉम’ला ७८ वें स्थान मिळालें, आणि २०२३ सालीं त्याची नवी, स्वच्छ केलेली प्रत तयार झाली. जें गटारांत टाकावयाचें होतें, तें आतां राष्ट्रीय संग्रहांत जतन केलें जातें.

येथें दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह होतो. ज्याला एकदां अन्याय झाला तें सर्व निर्दोष, असें मानण्याची चाल आहे. तीहि टीकेची फसवणूकच होय. या चित्रांत स्त्रियांच्या मरणाकडे कलात्मक कुतूहलानें पाहिलें जातें, ही शंका आजहि पुरती फिटत नाहीं. १९७५ सालीं लॉरा मल्व्ही या विदुषीनें चित्रपटांतील स्त्री ही पुरुषी नजरेसाठीं मांडलेली वस्तु असते, असा सिद्धान्त मांडला. तेव्हांपासून हें चित्र त्या नजरेचें उदाहरण कीं त्या नजरेवरील खटला, असा वाद चालत आला आहे. ‘रेड शूज’मधील लाडकी नर्तकी मॉइरा शिअरर हिला येथें स्टुडिओच्या रिकाम्या मंचावर नाचतां नाचतां मृत्यूच्या तोंडीं दिलेलें पाहून ज्याच्या पोटांत कालवलें नाहीं, त्याच्या रसिकतेचा आम्हांला हेवा वाटत नाहीं. १९६० च्या टीकाकारांना किळस आली, हा त्यांचा अपराध नव्हे. किळस येणें हा प्रामाणिक अनुभव आहे. पण तो परीक्षणाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. ही किळस कलावंतानें हेतुपुरस्सर निर्माण केली कीं त्याच्या हातून घडली, तिच्यामागें कांहीं दुःख उभें आहे कीं नाहीं, आणि ती आपल्याविषयीं काय सांगते, असे प्रश्न तेथून पुढें सुरू व्हावयास हवे होते.

हें काम त्या मंडळींपैकीं एकीनें अखेर केलें. डिलिस पॉवेलबाई १९०१ सालीं जन्मल्या; जवळजवळ चाळीस वर्षें त्या ‘संडे टाइम्स’च्या चित्रपटटीकाकार होत्या. जून १९९४ मध्यें, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं, त्यांनीं त्याच पत्रांत ‘पीपिंग टॉम’विषयीं पुन्हां लिहिलें. आपला जुना निकाल चुकला होता, हें चित्र श्रेष्ठ प्रतीची कृति आहे अशी आतां आपली खात्री झाली आहे, आणि परलोकांत जर संभाषणाची सोय असेल तर मायकेल पॉवेलला शोधून त्याची क्षमा मागणें आपण आपलें कर्तव्य समजूं, अशा अर्थाचें तें लेखन होतें. त्यानंतर वर्षाच्या आंतच, जून १९९५ मध्यें, त्या निवर्तल्या.

बाईंच्या या कृतीची कोणी जबरदस्ती केली नव्हती. पॉवेलला जाऊन चार वर्षें झालीं होतीं. लोकमत कधींच फिरलें होतें. त्या गप्प राहिल्या असत्या तर कोणीहि त्यांना जाब विचारला नसता. परंतु चौतीस वर्षांपूर्वींचें आपलें वाक्य आपल्याच नांवावर जमा आहे, हें त्या विसरल्या नाहींत. पहिल्या दर्शनीं कोणाचीहि दृष्टि चुकूं शकते. नव्या कृतीपुढें उभें राहून घाईनें लिहिणें ज्याच्या नशिबीं आहे त्याची तर हटकून चुकते. त्या चुकीमुळें कोणाची टीका क्षुद्र ठरत नाहीं. पुन्हां पाहण्याची तयारी नसणें, आपली शिसारी हेंच अंतिम सत्य मानणें, यानें ती क्षुद्र होते. मॉस्लीनें मुंबईची गल्ली एकदांच पाहिली आणि तो निघून गेला. डिलिस पॉवेलबाईंनीं तेंच चित्र पुन्हां पाहिलें. आज जुन्या चित्रांचे डबे उघडले जात आहेत आणि कोणतीहि कृति घरबसल्या पुन्हां पाहतां येते. अपिलाचा दरवाजा आतां सर्वांना खुला आहे. त्यांतून जाण्याचे कष्ट आपण घेतों कीं नाहीं, एवढाच प्रश्न रसिकांपुढें शिल्लक राहतो.